प्रवेशिकेवर दिव्यांग खेळाडूंचे नाव कुठे लिहायचे? सर्वसमावेशक बास्केटबॉल स्पर्धेच्या आखणीविषयी

धागाकर्ता: मैदानकरी, पुणे

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर गेली दोन वर्षे आम्ही काही जुने खेळाडू मिळून एक दिवसाची स्पर्धा भरवतो आणि तिच्यातून जमणारी रक्कम दिव्यांग खेळाडूंच्या साधनांसाठी देतो. यंदा तिसरे वर्ष आहे. मागच्या दोन वर्षांत आमच्या हातून काय चुकले आणि काय जमले, हे सविस्तर मांडून येथील जाणकारांकडून सूचना घ्याव्यात, या हेतूने हा धागा काढत आहे.

पहिल्या वर्षी आम्ही अशा कार्यक्रमांचा रूढ नमुना जसाच्या तसा उचलला होता. आठ संघ, प्रत्येक संघाचे प्रवेशशुल्क, कुंपणाला बांधलेले प्रायोजकांचे फलक आणि संध्याकाळी अंतिम सामना. ज्यांच्यासाठी निधी गोळा होत होता त्या खेळाडूंना आम्ही मानाने बोलावले, मंडपाच्या सावलीत पहिल्या रांगेत त्यांच्या व्हीलचेअर लावल्या, शाल-श्रीफळ दिले आणि मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन छायाचित्र काढले. आपण चांगले काम केले, असेच आम्हा सर्वांना वाटत होते. सगळे आटोपल्यावर आम्ही सतरंज्या गुंडाळत असताना त्या पाहुण्यांपैकी विशीतली एक मुलगी गुणलेखकाच्या टेबलाशी आली आणि तिने प्रवेशिका मागितली. उरलेली एक प्रवेशिका मी तिला दिली. संघाचे नाव, पाच खेळाडू, राखीव खेळाडू, वय, जर्सी क्रमांक असे रकाने तिने बोट ठेवून वाचले आणि विचारले, "काका, पुढच्या वर्षी आमचा संघ आणायचा असेल तर मी यात नेमके काय भरू?" ती स्वतः व्हीलचेअर बास्केटबॉल खेळते, हे मला त्या क्षणी कळले. दिवसभर ती आमचा खेळ बघत बसली होती आणि एकदा तरी तिच्या हातात चेंडू द्यावा, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते.

त्या प्रश्नामुळे दुसऱ्या वर्षीची आखणी बदलली. सकाळी व्हीलचेअर बास्केटबॉलचे सामने, दुपारी बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात असलेले सामने आणि संध्याकाळी खुल्या गटाचे तिघा-तिघांचे सामने, असे तीन भाग आम्ही केले. हेतू चांगला होता, परंतु तयारी अपुरी पडली. आमच्या मैदानाच्या फाटकापाशी पावसाच्या पाण्यासाठी लोखंडी जाळी बसवलेली आहे. तिच्यावरून वीस वर्षे ये-जा करूनही आमचे कधी तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. पहिलीच क्रीडा व्हीलचेअर आत येताना तिचे पुढचे लहान चाक त्या जाळीच्या फटीत अडकले आणि खेळाडू पुढे कलंडता कलंडता वाचला. मग आम्ही शेजारच्या बांधकामावरून प्लायवूडचा तुकडा आणून जाळीवर टाकला. पुढे लक्षात आले की स्वच्छतागृहाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही. या सगळ्यात पहिला सामना चाळीस मिनिटे उशिरा सुरू झाला आणि दुपारच्या गटातली मुले उन्हात ताटकळली, याची खंत आजही वाटते.

यंदा ही स्पर्धा नीट व्हावी, अशी मनापासून इच्छा आहे. तिन्ही गट स्वतंत्र ठेवावेत की एकत्र खेळवावेत? नियम कुणाचे धरावेत? आणि पैशाचा हिशेब कसा ठेवावा, म्हणजे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही तो पाहता येईल?

प्रतिसाद १: दीड_गुण, पिंपरी

मैदानकरीकाका, प्रवेशिका मागणारी ती मुलगी मी नाही. पण ती मीही असू शकले असते, म्हणून लिहिते. मी सहा वर्षे व्हीलचेअर बास्केटबॉल खेळत आहे आणि माझे टोपणनाव माझ्या वर्गीकरणावरून घेतलेले आहे.

या खेळात प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १.० ते ४.५ यांच्या दरम्यानचे गुण दिले जातात. ज्याला कमरेच्या वरच्या भागावरही फारसा ताबा ठेवता येत नाही त्याला १.०, आणि ज्याची हालचाल जवळपास पूर्ण आहे त्याला ४.५. मैदानावरच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज आंतरराष्ट्रीय सामन्यात १४ च्या वर जाता कामा नये. या एका नियमामुळे माझ्यासारख्या दीड गुणाच्या खेळाडूशिवाय संघच उभा राहत नाही. आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी कागदावर पाच आकडे मांडून ही बेरीज मला दाखवली होती. शाळेत खेळाच्या तासाला मी नेहमी दप्तरे सांभाळत असे. त्यामुळे आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, ही गोष्ट मला तेव्हा नवीनच होती.

बाकीचे नियम आपल्याच खेळाचे आहेत. रिंग तितकीच, म्हणजे ३.०५ मीटर उंच असते आणि मैदान तेच २८ बाय १५ मीटरचे असते. चेंडू मांडीवर घेऊन चाकाला जास्तीत जास्त दोन वेळा हात लावता येतो. त्यानंतर टप्पा द्यावा लागतो, पास करावा लागतो किंवा चेंडू रिंगकडे टाकावा लागतो. दुहेरी ड्रिबलचा, म्हणजे टप्पे थांबवून पुन्हा सुरू करण्याचा दोष मात्र येथे धरत नाहीत. हे नियम प्रेक्षकांना आधी समजावून सांगा, कारण नियम न कळणारा प्रेक्षक प्रत्येक वेळी केवळ कौतुकाने टाळ्या वाजवतो. चुकीच्या पासलाही टाळ्या पडल्या की खेळणाऱ्याला फार अवघडल्यासारखे होते.

निधीबद्दल माझी एकच कळकळीची विनंती आहे. रुग्णालयातल्या साध्या व्हीलचेअर वाटू नका. ती खुर्ची मागून कुणीतरी ढकलावी अशा बेताने बनवलेली असते. खेळाच्या खुर्चीची मोठी चाके खालच्या बाजूला बाहेर झुकलेली असतात, त्यामुळे ती जागच्या जागी झटकन वळते. पुढे धडक सोसणारी दांडी असते आणि मागे न उलटण्यासाठी छोटे चाक असते. शिवाय ती खेळाडूच्या मापाची असावी लागते. आणि जमलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा ट्यूब, टायर, बेअरिंग आणि पट्टे यांसाठी राखून ठेवा. देणगीतून आलेली चांगली खुर्ची केवळ ट्यूब नाही म्हणून चार-चार महिने भिंतीला टेकलेली मी पाहिली आहे.

प्रतिसाद २: वर्गशिक्षिका, सातारा

मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. आपल्या दुपारच्या गटाविषयी लिहिते.

युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ साली शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले. आपल्याकडे हे काम स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था पाहते. त्यांच्या युनिफाइड बास्केटबॉलमध्ये मैदानावरच्या पाच जणांत तीन खेळाडू बौद्धिक दिव्यांग असतात आणि दोन जोडीदार दिव्यांगत्व नसलेले असतात. हे प्रमाण मला फार विचारपूर्वक ठरवलेले वाटते. जोडीदार अल्पमतात असल्यामुळे मुलांना वगळून त्यांना सामना चालवता येत नाही.

तरीही धोका उरतोच. हुशार जोडीदार चेंडू स्वतःकडे ठेवतो, सगळे गुण स्वतः करतो आणि शेवटच्या मिनिटाला दया म्हणून मुलाच्या हातात चेंडू देतो. समोरचा संघही हात खाली करून बाजूला होतो. आमच्या मुलांना हे लगेच कळते. माझा एक विद्यार्थी अशा वेळी चेंडू खाली ठेवून मैदानाबाहेर चालता झाला होता. म्हणून जोडीदार निवडताना त्यांचे कसब मुलांच्या जवळपासचे असावे आणि सामन्यापूर्वी निदान सहा ते आठ आठवडे दोघांनी एकत्र सराव केलेला असावा. सकाळी ओळख आणि दुपारी सामना, असे करू नये. काही मुलांना भोंग्याच्या कर्कश आवाजाचा आणि ध्वनिक्षेपकाचा त्रास होतो, तेव्हा मैदानापासून थोडी दूर एक शांत, सावलीची जागा राखून ठेवावी.

प्रतिसाद ३: नागपाडा_जुना, मुंबई

धागा वाचून आनंद झाला, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो.

मी नागपाड्यात वाढलो. ज्या वस्तीत घरटी एक खोली होती, त्या वस्तीने या खेळाला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्याकडे हा खेळ रुजला तो नागपाडा नेबरहूड हाऊस या समाजसेवा केंद्राच्या आणि वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या आधाराने. मुळात बास्केटबॉलचा जन्मच वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे, जेम्स नेस्मिथ यांच्या हातून झाला. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्थाही १९३६ साली याच नेबरहूड हाऊसच्या आवारात सुरू झाली. खेळ आणि समाजकार्य यांचे नाते आम्हाला कुणी नव्याने सांगायला नको.

तरीही मला असे वाटते की सगळ्यांना एका मैदानावर आणण्याच्या आग्रहापोटी खेळाची धार बोथट होते. आमच्या मैदानावर नवख्याला कुणी सांभाळून घेतले नाही. कोपरे खाऊनच आम्ही शिकलो. व्हीलचेअरवरचा खेळाडू हा पक्का खेळाडू आहे, हे मान्य. मग त्याला त्याच्या तोडीच्या संघांशी खेळू द्या, आपण आपला सामना खेळू आणि तिकिटाचे पैसे त्याच्या संघटनेला देऊ. यात त्याचा अपमान कुठे झाला?

प्रतिसाद ४: दीड_गुण, पिंपरी

नागपाडाकाका, आपला मुद्दा मी दोनदा वाचला. आम्हालाही तोडीचेच संघ हवे आहेत आणि त्यासाठीच आमच्या राष्ट्रीय स्पर्धा असतात. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन वर्षातून एकदा खेळणे आणि घरापासून तीन किलोमीटरवरच्या मैदानावर दर रविवारी खेळणे यांत फार अंतर आहे. आपल्याला कोपरे खायला रोज संध्याकाळी नागपाड्याचे मैदान तरी होते. माझ्या घराजवळच्या मैदानाला तीन पायऱ्या आहेत. तुमच्या तिकिटाच्या पैशातून मला खुर्ची मिळेल, पण ती घेऊन मी जाऊ कुठे? लोक एकत्र खेळले तरच त्या पायऱ्या त्यांच्या नजरेला येतील. वर मैदानकरीकाकांची जाळी आलीच आहे.

प्रतिसाद ५: राइनकाठी, कोलोन

मूळचा कोल्हापूरचा, अकरा वर्षे जर्मनीत आहे. मला कोणतेही दिव्यांगत्व नाही आणि मी येथील एका स्थानिक क्लबाच्या व्हीलचेअर बास्केटबॉल संघात खेळतो, हे वाचून काहींना नवल वाटेल. जर्मनीत आणि कॅनडातही देशांतर्गत स्पर्धांमध्ये दिव्यांगत्व नसलेल्यांना खुर्चीत बसून खेळण्याची मुभा असते. त्यांना सर्वांत वरचे गुण लावले जातात, त्यामुळे असे खेळाडू भरून संघ वजनदार करता येत नाही. स्त्री खेळाडू मैदानावर असेल तर संघाला गुणांच्या बेरजेत सवलतही मिळते. पॅरालिंपिकमध्ये अर्थातच हे चालत नाही.

पहिले सहा महिने मी मैदानावरचा सर्वांत कच्चा खेळाडू होतो. चेंडूकडे पाहिले की खुर्ची भरकटायची आणि खुर्ची सांभाळली की चेंडू निसटायचा. तळहाताची साल गेली होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, दोन्ही पाय गमावलेल्या गृहस्थांनी मला आधी खुर्ची थांबवायला आणि मग वळवायला शिकवले. नागपाडा_जुना यांना नम्रपणे सुचवतो की धार बोथट होण्याची भीती असेल तर एक पूर्ण सामना, चार डावांचा, खुर्चीत बसून खेळून पाहावा. मात्र पाहुण्यांना पाच मिनिटे खुर्चीत बसवून छायाचित्र काढण्याचा प्रकार टाळावा. त्याने काहीच कळत नाही.

मैदानकरी, तिघा-तिघांच्या प्रकाराचा आपण खुर्चीच्या खेळासाठीही विचार करावा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो खेळवला गेला. अर्धे मैदान पुरते, आणि दहाऐवजी सहा खुर्च्यांत सामना होतो.

प्रतिसाद ६: हिशेबनीस, नाशिक

पैशाच्या प्रश्नाला अद्याप कुणी हात घातलेला नाही, म्हणून सनदी लेखापाल या नात्याने लिहितो.

महाराष्ट्रात लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावे लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी हेच करतात, त्यामुळे प्रक्रिया अनोळखी नाही. स्वतःचा न्यास नसेल तर नोंदणीकृत न्यासाला बरोबर घ्यावे आणि रक्कम थेट त्याच्याच खात्यात जमा करावी. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड मैदानावर लावू नये, मग तो माणूस कितीही प्रामाणिक असो.

दुसरे असे की प्रवेशशुल्क, प्रायोजकत्व आणि देणगी ही तीन वेगळी खाती आहेत. संघाने खेळण्यासाठी भरलेले शुल्क ही देणगी नव्हे आणि फलक लावण्याच्या बदल्यात दुकानदाराने दिलेली रक्कम ही जाहिरात आहे. आयकरात सवलत मिळणारी पावती केवळ देणगीचीच देता येते, आणि २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने आली तर देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे मार्चअखेरीस देणगीदार नाराज झालेले मी पाहिले आहेत.

मंडप, पाणी, पंचांचे मानधन, रुग्णवाहिका हा सगळा खर्च प्रायोजकत्वातून भागवावा आणि देणगीचा रुपयान् रुपया साधनांकडे जावा, असे आधीच जाहीर करावे. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांत जमाखर्च त्याच मैदानाच्या फलकावर लावावा. आणि साधने कोणती घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीत ती वापरणारे खेळाडू निम्मे तरी असावेत. दीड_गुण यांनी ट्यूबची गोष्ट सांगितली आहे, ती बाहेरच्या माणसाला सुचत नाही.

प्रतिसाद ७: कोपऱ्यातला_पंच, सांगली

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करतो आणि माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. तुमच्या तिन्ही गटांत कर्णबधिर खेळाडूंचा उल्लेख नाही. ते खुल्या गटात सहज खेळू शकतात, फक्त त्यांना शिट्टी ऐकू येत नाही. एकदा पंचाने खेळ थांबवल्यावरही भाऊ रिंगकडे धावत राहिला आणि समोरच्या मुलाने ती अरेरावी समजून त्याला ढकलले. उपाय अगदी साधा आहे. शिट्टीबरोबर पंचाने हात उंच करावा आणि दोन्ही टोकांना स्वयंसेवकांनी रंगीत झेंडे उचलावेत. गुणफलकाशेजारी एक दिवा लावता आला तर आणखी चांगले.

आमच्या जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांचे स्मरणही येथे करावेसे वाटते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. व्हीलचेअर बास्केटबॉलही दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांनीच सुरू केला. पुण्याला तर खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर लाभले आहे, जेथे जखमी जवान राहतात आणि खेळतातही. मैदानकरी यांनी तेथे जाऊन एकदा प्रत्यक्ष बोलावे.

प्रतिसाद ८: नागपाडा_जुना, मुंबई

दीड_गुण, तुमच्या तीन पायऱ्यांनी मला निरुत्तर केले. काल संध्याकाळी मुद्दाम आमच्या मैदानाच्या फाटकापाशी उभा राहिलो आणि खुर्ची आत कशी येईल ते पाहिले. येणार नाही. उंबरा चांगला वीतभर उंच आहे आणि आजवर मी तो हजारो वेळा ओलांडला आहे. रॅम्पसाठी मैदान समितीकडे अर्ज देत आहे. राइनकाठी यांचे आव्हानही स्वीकारतो; वय एकसष्ट आहे, पण चार डाव बसून खेळेन.

प्रतिसाद ९: मैदानकरी, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या समितीची काल बैठक झाली आणि येथील बहुतेक सूचना तिच्यात वाचून दाखवल्या.

व्हीलचेअरचे सामने यंदा तिघा-तिघांचे होतील. प्रत्येक संघात किमान दोन दिव्यांग खेळाडू असतील, तिसरा कुणीही असू शकेल आणि त्याला ४.५ गुण लावले जातील. तिघांच्या गुणांच्या बेरजेची मर्यादा किती ठेवावी, हे खेळाडूंच्या सल्ल्याने ठरवू. युनिफाइड गटाचा सराव पुढच्या रविवारपासूनच सुरू होत आहे आणि स्पर्धा आठ आठवडे पुढे ढकलली आहे, कारण वर्गशिक्षिका यांचे म्हणणे सर्वांना पटले. झेंडे शिवायला टाकले आहेत. एका नोंदणीकृत न्यासाने खात्याची आणि पावत्यांची जबाबदारी घेतली आहे. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम रद्द केला आहे. बक्षिसे गुणलेखकाच्या टेबलावरूनच दिली जातील. फाटकाची जाळी बदलून बारीक फटींची नवी जाळी बसवून घेतली आणि तिच्यावरून खुर्ची नेऊन पाहिली. स्वच्छतागृहाचे दार मात्र महिनाभरात रुंद होण्याची चिन्हे नाहीत, म्हणून त्या दिवसापुरते सुलभ फिरते स्वच्छतागृह भाड्याने घेत आहोत.

प्रवेशिका नव्याने छापली आहे. तिच्यात वर्गीकरणाचे गुण, स्वतःची क्रीडा व्हीलचेअर आहे की लागणार आहे, आणि खेळताना कोणती सोय हवी, असे तीन रकाने वाढवले आहेत. पहिली प्रत मी त्या मुलीच्या घरी स्वतः नेऊन दिली. तिने तेथेच बसून ती भरली आणि शेवटच्या रकान्यात लिहिले की सामना सकाळी नऊच्या आत असावा, कारण त्यानंतर सिमेंटचे मैदान आणि चाकांच्या कड्या हाताला भाजतात. वेळापत्रक त्याप्रमाणे बदलले आहे.

आता एकच अडचण उरली आहे. सहा खुर्च्या आदल्या दिवशी पिंपरीहून आणायच्या आहेत आणि त्या एकमेकींवर रचता येत नाहीत. मोठ्या हौद्याचा टेम्पो कुणाकडे असेल तर कृपया कळवावे.

प्रतिसाद १०: दीड_गुण, पिंपरी

काका, टेम्पोची सोय होईल. आमच्या संघातल्या एकाच्या भावाचा आहे. खुर्च्यांखाली अंथरायला जुन्या गाद्या तेवढ्या पाठवा. आणि हवा भरण्याचा पंप प्रेशर दाखवणारा असू द्या. मागच्या वेळी सायकलच्या साध्या पंपाने भरलेली दोन चाके पहिल्याच डावात बसली होती.